महाबलिपुरमची सहा देवळे

महाबलिपुरमला एकंदर सात देवळे होती, त्यांतली सहा समुद्राने गिळली आणि एकच काठावर उरले, असे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यात येते. गेल्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाची सहल गेली तेव्हा आम्हालाही ते सांगण्यात आले. सांगणारे आमचे वाटाडे होते, आणि सर्वांदेखत "हे खोटे आहे" असे म्हणणारा मी होतो. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

बेळगावहून रात्रीच्या गाडीने बंगळूर, तिथून चेन्नई (आमचे इतिहासाचे सर अजून मद्रासच म्हणतात), आणि पुढे बसने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला साठेक किलोमीटर. मराठी आणि कन्नड विभागांचे मिळून आम्ही अडतीस जण होतो. मागल्या वर्षी बदामी पाहिली म्हणून यंदा महाबलिपुरम, असा सरांचा हिशोब. त्याला कारण आहे. इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन याने चालुक्यांची राजधानी बदामी, म्हणजे तेव्हाची वातापी, जिंकली आणि 'वातापिकोंड' हे बिरुद लावले. 'मामल्ल', म्हणजे महामल्ल, हे त्याचेच आणखी एक बिरुद. त्यावरून गावाचे नाव मामल्लपुरम. "आमच्या पुलकेशीला हरवणाऱ्याच्या गावी आपण वर्गणी भरून चाललोय," असे कन्नड विभागातला माझा मित्र बसमध्ये म्हणाला, आणि त्यावरून चहाच्या थांब्यापर्यंत बरीच करमणूक झाली.

बसस्थानकाजवळ वाटाडे भेटले. वय चाळिशीच्या पुढचे, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांचे इंग्रजी भराभर, हिंदी अडखळत. आमच्यातले सगळे त्यांना 'अण्णा' म्हणू लागले. तो शब्द कन्नडमध्ये चालतो, तमिळमध्ये चालतो आणि बेळगावच्या मराठीला तर तो परका नाहीच.

सकाळ आम्ही खडकांत घालवली. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. या गावात एका तासाच्या पायपिटीत देऊळ बांधण्याच्या तीन तऱ्हा पाहायला मिळतात. पहिली तऱ्हा म्हणजे खडक पोखरून केलेली लेणी. ती आपल्याला बदामीमुळे ओळखीची आहेत, फक्त बदामीचा दगड वाळूचा आणि तांबूस, इथला ग्रॅनाइटच्या जातीचा, छिन्नीला दाद न देणारा. दुसरी तऱ्हा म्हणजे अखंड शिळा बाहेरून कोरून काढलेले रथ. पाच रथांना पांडवांची आणि द्रौपदीची नावे आहेत, पण त्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. ती लोकांनी मागाहून दिलेली. काम वरून खाली केलेले, म्हणून शिखरे पूर्ण आणि तळ अर्धवट असे दिसते. तिसरी तऱ्हा चिरे रचून बांधलेल्या देवळाची, आणि तेच ते काठावरचे देऊळ. मधल्या मोठ्या शिल्पखडकापुढे, ज्याला कोणी अर्जुनाचे तप म्हणतात आणि कोणी गंगावतरण, आम्ही हवा तेवढा वेळ थांबलो नाही ही माझी तक्रार आहे. खडकाच्या मधोमध फट आहे, तीत नाग कोरले आहेत, आणि वरच्या टाक्यातून पूर्वी तिथून पाणी सोडत असत. एका कोपऱ्यात मांजर पुढचे पाय वर करून तप करते आहे आणि उंदीर तिच्यापुढे निर्धास्त बसले आहेत. तेराशे वर्षांपूर्वीचा तो पाथरवट विनोदी असला पाहिजे.

दुपारी आम्ही किनाऱ्यावरच्या देवळापाशी आलो. हे देऊळ मामल्लाच्या वंशातल्या दुसऱ्या नरसिंहवर्मन ऊर्फ राजसिंह या राजाचे, म्हणजे इ. स. ७०० च्या पुढेमागचे. कांचीचे कैलासनाथ मंदिर त्याचेच. बाहेरून दोन शिखरे दिसतात, पण गाभारे तीन आहेत. समुद्राकडे तोंड केलेला मोठा शिवाचा, मागच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड केलेला लहान, तोही शिवाचा, आणि दोहोंच्या मध्ये शेषशायी विष्णू. विष्णूची मूर्ती तिथल्या मूळ खडकातच कोरलेली आहे. वर छप्पर नावापुरते. मोठ्या गाभाऱ्यातले लिंग काळ्या दगडाचे, धारा पाडलेले आणि वरून फुटलेले आहे.

आवाराच्या भिंतीवर नंदी ओळीने बसलेले आहेत. त्यांची तोंडे पाहिली तर वाटावे की साबणाची केली होती आणि पावसात राहिली. नाक नाही, डोळा नाही, नुसता आकार. याला लाटा कारण असाव्यात असे मला वाटले, पण अण्णांनी दुरुस्त केले. लाट इथवर रोज येत नाही. रोज येतो तो खारा वारा. त्यातले मीठ दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि मिठाचे खडे आत वाढतात. वाढताना ते दगडाचा कण कणापासून सुटा करतात. हे शेकडो वर्षे चालले की नंदीचे तोंड नाहीसे होते. पुरातत्त्व खात्याची माणसे त्यावर जो उपाय करतात तो ऐकून घरगुती वाटतो. कागदाचा लगदा मीठविरहित पाण्यात भिजवून दगडावर थापायचा. वाळताना तो आतले मीठ ओढून घेतो. मग तो काढून टाकायचा आणि पुन्हा नवा थापायचा. समुद्राच्या बाजूला मोठाले धोंडे टाकून बांध केला आहे आणि सुरूची झाडे लावली आहेत, ती वारा आणि वाळू अडवतात.

इथेच अण्णांनी समुद्राकडे हात करून सात देवळांची गोष्ट सांगितली. इंद्राला या नगरीचा हेवा वाटला, त्याने पूर आणला, सहा देवळे गेली, वगैरे. मी इतिहासाचा विद्यार्थी, शिवाय परीक्षेत गुण बरे. मी म्हणालो, "अण्णा, हे प्रवाशांसाठी रचलेले आहे. शिलालेख आहे का? पुरावा आहे का? हे खोटे आहे." काही जण हसले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, आणि "अर्धा तास मोकळा" असे सांगून सुरूच्या झाडाखाली जाऊन बसले. सरांनी मला तिथेच काही सुनावले नाही, पण माझी सहलीची वही मागून घेतली. मी तीत लिहिले होते: "सहा बुडालेली देवळे: दंतकथा. आधार नाही." सरांनी वही परत केली आणि एवढेच म्हणाले, "दंतकथा कोणाची, कधीची, हे लिहिले नाहीस."

ते मी मग शोधून काढले, थोडे सरांकडून, थोडे परत आल्यावर ग्रंथालयात. गोष्ट प्रवाशांसाठी अलीकडे रचलेली नाही, हे पहिले. युरोपातले खलाशी या जागेला 'सात पॅगोडा' म्हणत. किनारा सपाट, खुणेला डोंगर नाही, म्हणून दुरून दिसणारी शिखरे हीच त्यांची खूण. विल्यम चेंबर्स नावाच्या इंग्रजाने १७७२ आणि १७७६ मध्ये ही जागा पाहिली, आणि त्याचा वृत्तांत १७८८ मध्ये कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापून आला. त्यात तो म्हणतो की गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या तरुणपणी समुद्रात देवळांचे कळस पाहिल्याचे आठवत होते. त्या कळसांवर तांब्याचा पत्रा होता आणि सूर्योदयाला ते चमकत. पुढे रॉबर्ट साउदी या कवीने १८१० च्या 'द कर्स ऑफ केहामा' या काव्यात बुडालेली नगरी घातली, आणि तिथून ती इंग्रजी वाचणाऱ्यांच्या घराघरांत गेली. कवीचे सोडून देऊ. पण म्हाताऱ्या कोळ्यांचे काय करायचे? तो शिलालेख नाही हे खरे. थापच आहे असे तरी कशावरून?

त्या अर्ध्या तासात आणखी एक प्रकार घडला. आमचे चार-पाच जण विजारी वर करून पाण्याकडे धावले. कारवार-गोव्याकडच्या किनाऱ्यांवर पुष्कळ ठिकाणी उतार कमी असतो, पन्नास पावले आत गेले तरी पाणी कमरेलाच. इथे तसे नाही. वाळू एकदम उतरते, लाट अगदी काठाशी येऊन कोसळते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. आमच्यातला एक जण गुडघाभर पाण्यात होता. पहिल्या लाटेने तो बसला, दुसरीने त्याला ओढले. अण्णा झाडाखालून कधी उठले ते मला कळले नाही, पण त्याचा दंड धरून त्यांनीच त्याला बाहेर काढले. एक चप्पल गेली, बाकी काही नाही. अण्णा तमिळमध्ये जे बोलले त्याचे भाषांतर कोणी मागितले नाही. याच लाटांमुळे या किनाऱ्यावर पूर्वी मसुला नावाच्या होड्या वापरत. त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की होडी वाकायची पण फुटायची नाही. 'कॅटमरान' हा इंग्रजी शब्द तर इथल्या 'कट्टुमरम्'चा, म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांचा.

ओल्या कपड्यांतला मित्र उन्हात बसला आणि अण्णा आमच्यात येऊन बसले. राग गेला होता. मग त्यांनी वाळूची जी हकीकत सांगितली, ती या सहलीत मला मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती. आपण किनारा म्हणजे नकाशावरची रेघ समजतो. प्रत्यक्षात तो वाहतो. लाटा काठावर तिरक्या आदळतात. आदळताना वाळू तिरकी वर चढते, परतताना सरळ खाली येते, आणि अशा प्रत्येक लाटेबरोबर कण थोडा बाजूला सरकतो. पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत वाळू उत्तरेकडे जाते, ईशान्य वाऱ्यात दक्षिणेकडे. वर्षाचा जमाखर्च उत्तरेच्या बाजूने उरतो. वाटेत कोणी भिंत घातली की तिच्या दक्षिणेला वाळू साचते आणि उत्तरेला किनारा उपाशी राहतो. मद्रास बंदराच्या भिंती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रात गेल्या, त्यानंतर बंदराच्या दक्षिणेला मरीनाची पुळण रुंद होत गेली आणि उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूने समुद्र आत येऊ लागला. आदल्या संध्याकाळी आम्ही मरीनावर भेळीसारखे काहीतरी खाल्ले होते. ती एवढी रुंद वाळू बंदरामुळे आहे हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हा देऊळ बुडायला समुद्र वर चढावा लागत नाही, आणि इंद्राचा कोप तर नाहीच नाही. काठ झिजत मागे सरकला की काल जे गावात होते ते आज लाटेत येते. गेल्या दीड हजार वर्षांत समुद्राची पातळी फारशी बदललेली नाही. इथे काम केलेल्या संशोधकांनीही मुख्य कारण किनाऱ्याची धूप हेच मानले आहे.

मी विचारले, "अण्णा, तुम्ही स्वतः कधी काही पाहिले आहे का?" या वेळी मी नीट विचारले.

ते म्हणाले, पाहिले. २६ डिसेंबर २००४, रविवार, सकाळ. तेव्हा ते विशीत होते, देवळाबाहेर शंखशिंपल्यांच्या माळा विकत. पाणी एकाएकी मागे गेले, नेहमीच्या ओहोटीपेक्षा कितीतरी लांब. जिथे कधी जमीन पाहिली नव्हती तिथे जमीन दिसली, आणि तिच्यावर मोठाले दगड, ओळीने लावल्यासारखे. मासे तडफडत होते. काही पोरे ते गोळा करायला पुढे गेली. अण्णांना त्यांच्या काकांनी हाका मारल्या म्हणून ते खडकांच्या दिशेने पळाले. मग पाणी आले.

"किती दगड होते? मोजले का?" माझ्या तोंडून निघून गेले.

"मोजायला कोण थांबतो?" ते म्हणाले.

पुढे गेलेल्या पोरांबद्दल कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. प्रवाशांना ते इंद्राची गोष्ट सांगतात, ही सांगत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

परतताना सरांशी बोललो. सर म्हणाले, साक्षीदार खरा आहे, आणि तरीही त्याने पाहिलेले दगड नैसर्गिक खडकही असू शकतात. माणसावर विश्वास ठेवायचा, पण दगडाजवळ जाऊन पाहायचेच. तसे जाऊन पाहणे झालेले आहे, आणि ते त्सुनामीच्याही आधी. एप्रिल २००२ मध्ये गोव्यातल्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी आणि इंग्लंडच्या सायंटिफिक एक्सप्लोरेशन सोसायटीने मिळून इथे बुड्या मारल्या. जागा दाखवायला स्थानिक कोळी होते. जाळी कुठे अडकतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. देवळापासून ५०० ते ७०० मीटर आत, ५ ते ८ मीटर खोलीवर, बांधकामाच्या भिंती, घडवलेले चौकोनी चिरे आणि पसरलेले ढिगारे सापडले. वर शेवाळ, शिंपल्यांचे थर, पाणी गढूळ. २००५ मध्ये नौदलाने आणि पुरातत्त्व खात्यानेही समुद्रतळाची पाहणी केली. पाण्याखाली माणसाच्या हातचे काम आहे, एवढे निश्चित झाले. ते सहा देवळांचे आहे असे मात्र कोणी जबाबदार माणूस म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आम्हांला उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर साळुवनकुप्पमला घेऊन गेले. ही जागा आमच्या कार्यक्रमात नव्हती. व्याघ्रगुहा तिथेच आहे, एका खडकात सिंहासारख्या मुखांचे कडे कोरलेले. पण अण्णांना दाखवायचे होते ते पलीकडचे. त्सुनामीच्या लाटेने तिथली वाळू खरवडून नेली आणि एक खडक उघडा पडला. त्यावर लेख होते. चोळ राजे पहिला परांतक आणि पहिला कुलोत्तुंग यांच्या काळचे, आणि राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचेही. त्यांत तिरुवीळ्चिल येथील सुब्रह्मण्याच्या देवळाचा उल्लेख होता. आणि तिथे देऊळ तर नव्हते. होती ती वाळूची टेकाडे. पुरातत्त्व खात्याने २००५ मध्ये एक टेकाड खणले. खाली पल्लवकाळातल्या देवळाचा दगडी तळ निघाला, आणि त्याच्याही खाली त्याहून जुने विटांचे देऊळ. संशोधकांच्या मते ते विटांचे देऊळ संगमकाळाइतके मागे जाते. दोन्ही देवळे समुद्राच्या तडाख्याने गेली असावीत असेही त्यांनी मांडले आहे. देऊळ उत्तराभिमुख आहे, समोर दगडी वेल, म्हणजे मुरुगाचा भाला, उभा आहे.

कृष्णाचे नाव ऐकून आमच्या कन्नड मित्राची कळी खुलली. तिसरा कृष्ण म्हणजे मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातला. वेरूळच्या कैलासाशी नाव जोडलेल्या पहिल्या कृष्णाच्या घराण्यातला. तमिळ लेख त्याला कन्नरदेव म्हणतात, आणि दहाव्या शतकात त्याने कांची आणि तंजावर जिंकल्याचे त्याचे बिरुद आहे. "म्हणजे बदामीचा हिशोब पुरा झाला," असे मित्र म्हणाला. सर म्हणाले, "हिशोब कसला? जिंकणाऱ्याच्या राजवटीतही इथल्या मुरुगाच्या दिव्यातेलाची तजवीज चालू राहिली, ते बघ." दोघेही आपापल्या परीने खूश होते.

मी त्या खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभा होतो. आठशे-हजार वर्षे हे देऊळ वाळूखाली होते. २००३ मध्ये इथे आलेला एखादा वाटाडा जर म्हणाला असता की या टेकाडाखाली देऊळ आहे, तर मीच त्याला शिलालेख मागितला असता. शिलालेखही वाळूखालीच होता.

अण्णांना मी म्हणालो, "काल मी चुकलो." ते म्हणाले, "चूक नाही. पण खोटे म्हणायचे नाही. माहीत नाही म्हणायचे." त्यांनी माझी वही मागून घेतली, मराठी अक्षरे उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

बसमध्ये मी ती ओळ खोडली. तिच्या जागी लिहिले: "किनाऱ्यापासून ५०० ते ७०० मीटर, खोली ५ ते ८ मीटर. भिंती, घडवलेले चिरे. साक्ष: चेंबर्सला भेटलेले म्हातारे, इ. स. १७७२ ते १७७६. आमचे वाटाडे, २००४. देवळांची संख्या:" आणि पुढे जागा मोकळी सोडली. सहलीचा अहवाल तपासताना सरांनी तिथे लाल शाईने काही लिहिलेले नाही.